परक्या मैदानावरची पहिली फेरी

वाचकांचे प्रश्न

उन्हाळी स्पर्धांचे अर्ज भरण्याचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी गोल्फमधल्या स्विंग, ग्रिप आणि पटिंगबद्दल विचारणारे पालक व्हिसा, वारा आणि बंकर (मैदानावरचे वाळूचे खळगे) यांबद्दल विचारू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे परदेशातील अनोळखी मैदानांविषयीची असल्याने ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची असून गेली सहा वर्षे चेंबूरला गोल्फ शिकते. येथे ती बहुधा ७६ ते ७८ फटक्यांत फेरी पूर्ण करते. गेल्या जुलैत आम्ही तिला स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका लिंक्स (समुद्रकाठच्या वाळूवरील) मैदानावर मुलींच्या स्पर्धेसाठी नेले. एका सरावफेरीनंतर झालेल्या स्पर्धेत तिला ८८ आणि ९१ फटके लागले व ती पुढच्या टप्प्यासाठी पात्र ठरली नाही. परतल्यापासून ती गप्प असते. एवढा खर्च करून हेच पाहायचे होते का, असे तिचे वडील म्हणतात. तिचा खेळ खरोखरच कमी पडतो आहे, की आम्हीच घाई केली?
– एक आई, मुलुंड

उत्तर : आपल्या पत्रातले ‘एका सरावफेरीनंतर’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. त्यांच्याकडे मी येणारच आहे; पण घरातला वाद आकड्यांवरून चालू आहे आणि ते आकडेच चुकीचे वाचले जात आहेत, म्हणून आधी त्यांचा हिशेब करू.

२०२० पासून लागू झालेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये, म्हणजे खेळाडूची पातळी मोजण्याच्या जागतिक पद्धतीत, मैदानाच्या प्रत्येक टीला (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेला) दोन आकडे दिलेले असतात. शून्य हँडिकॅपच्या, म्हणजे चांगल्या तयार खेळाडूला त्या टीवरून साधारण किती फटके लागावेत, याचा अंदाज म्हणजे कोर्स रेटिंग. त्याच्या तुलनेत मध्यम खेळाडूला ते मैदान किती अधिक जड जाते, याचे माप म्हणजे स्लोप रेटिंग. ते ५५ ते १५५ या मर्यादेत असते आणि प्रमाण म्हणून ११३ हा आकडा धरतात. समजा, येथील मुलींच्या टीचे रेटिंग ७०.५ आणि स्लोप १२२ आहे. ७७ मधून ७०.५ वजा करून आलेल्या ६.५ ला ११३ ने गुणून १२२ ने भागले, की फरक सुमारे ६ येतो. आता समजा, तेथील रेटिंग ७५ व स्लोप १३८ आहे आणि वाऱ्यामुळे त्या दिवशी सगळ्यांचेच फटके वाढल्याने परिस्थितीची दुरुस्ती म्हणून २ वजा झाले. ही दुरुस्ती जास्तीत जास्त ३ पर्यंत असू शकते. मग ८८ च्या फेरीचा फरक ९ येतो. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. आपण दोन्ही स्कोअरकार्डे पुढ्यात घेऊन त्यांवरचे खरे आकडे घाला आणि हा हिशेब तिच्या वडिलांनाच करू द्या. घरात ११ फटक्यांची म्हणून बोलली जाणारी घसरण कागदावर तीनाच्या आसपास उतरण्याची शक्यता बरीच आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलीने पहिल्याच परदेशी स्पर्धेत तेवढे जास्त घेतले, तर त्यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही.

आता मैदानाविषयी. आपण जुलैत गेलात, म्हणजे त्याआधीचा दीड महिना मुलगी मुंबईच्या पावसात खेळत होती. या दिवसांत आपल्याकडे चेंडू जिथे पडतो तिथेच बसतो, कधी रुततोही, आणि त्यामुळे नेम पडण्याच्या जागेवर धरायची सवय हाताला लागते. तेथे गेल्यावर वाळूवर वाढलेली, वाऱ्याने सुकलेली, कडक जमीन मिळते. ग्रीनच्या (ध्वजाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) मध्यावर टाकलेला चेंडू टप्पा घेऊन मागच्या बाजूने खाली उतरतो, आणि वीस यार्ड अलीकडे पडलेला चेंडू घरंगळत ध्वजापाशी जातो. मुलीला वाटते की आपला फटका बिघडला. प्रत्यक्षात फटका चांगला असतो, फक्त तो मुंबईच्या जमिनीसाठी मारलेला असतो. त्यात थंडीची भर पडते. स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावर जुलैतही दुपारचे तापमान अनेकदा १८–१९ अंशांच्या वर चढत नाही. थंड हवा दाट असते आणि चेंडू तिच्यात कमी अंतर कापतो. वाऱ्याचा हिशेबही सरळ नाही, कारण समोरून येणारा वारा जेवढे अंतर हिरावून घेतो, तेवढे पाठचा वारा परत देत नाही. शिवाय समोरच्या वाऱ्यात जोर करून मारलेल्या चेंडूला फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि तिथेच मरतो.

हे सगळे एका सरावफेरीत कळत नाही. मोठमोठ्यांनाही कळलेले नाही. अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स १९२१ मध्ये द ओपन ही ब्रिटनमधली मानाची स्पर्धा खेळण्यासाठी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला आला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि अमेरिकेत त्याच्या खेळाचा बोलबाला होता. तिसऱ्या फेरीत त्याला पहिल्या नऊ होलांसाठी ४६ फटके लागले. पुढे अकराव्या होलवर चेंडू बंकरमध्ये अडकल्यावर त्याने हात टेकले आणि तो स्पर्धेतून बाद झाला. हाच जोन्स १९२७ मध्ये त्याच मैदानावर २८५ फटक्यांत ओपन जिंकला, १९३० मध्ये तेथेच ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धेचा विजेता ठरला, आणि १९५८ मध्ये त्या गावाने त्याला आपले मानद नागरिकत्व दिले. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर २०१० मध्ये २१ वर्षांच्या रोरी मॅकिलरॉयने त्याच मैदानावर, म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर, पहिल्या दिवशी ६३ आणि वारा सुटल्यावर दुसऱ्या दिवशी ८० फटके घेतले. एका रात्रीत त्याचा खेळ १७ फटक्यांनी बिघडला असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की खेळ कमी पडलेला नाही आणि घाई मात्र झाली आहे. ती स्पर्धेची नसून मुक्कामाची आहे. पुन्हा जाल तेव्हा स्पर्धेच्या आधी किमान चार दिवस पोहोचा. परवानगी असेल, तर पहिल्या दिवशी मुलीला मैदानावरून नुसते चालू द्या. ओल्ड कोर्स रविवारी एरवी खेळासाठी बंद असतो आणि गावातली माणसे त्यावरून फिरतात. अशा ठिकाणी एक रविवार हाताशी असेल, तर तो मुळीच दवडू नका. दुसऱ्या दिवसापासून खेळताना आकडे लिहायचे नाहीत. चेंडू कुठे पडला आणि कुठे थांबला, एवढेच लिहायचे.

माझा दुसरा सल्ला पालकांना सहसा पटत नाही, तरीही मी तो आग्रहाने देतो. पुढच्या वर्षी नवा देश किंवा नवे मैदान शोधू नका. शक्य असेल तर त्याच मैदानावर, निदान त्याच किनाऱ्यावर परत जा. दरवर्षी नवी जागा दाखवल्याने मुलांच्या गाठी अनुभव जमतो असे आपण समजतो. पण जमतात ते फोटो, आणि मूल दर वेळी परकेच राहते. गेल्या जुलैत झालेल्या खर्चाचे मोल मिळण्याचा हाच एक मार्ग मला दिसतो.

दरम्यान तिला एक कोरी वही द्या आणि ते अठराही होल आठवणीने काढायला सांगा. मी हे अनेक मुलांकडून करून घेतले आहे. गप्प झालेली मुले चित्र काढता काढता बोलू लागतात. ‘इथे उंचवटा होता, तो मला टीवरून दिसलाच नव्हता,’ असे काहीतरी. एप्रिल–मेमध्ये आपल्याकडची जमीन कडक असते, तेव्हा रोज अर्धा तास वेज (चेंडू उंच उडवणारा क्लब) पिशवीतच ठेवून सात नंबरच्या आयर्नने चाळीस यार्डांवरून चेंडू जमिनीसरशी पळवण्याचा सराव तिच्याकडून करून घ्या. कुलाब्याच्या टोकाला समुद्रालगत असलेल्या युनायटेड सर्व्हिसेस क्लबच्या मैदानावर खेळण्याची संधी मिळालीच, तर दुपारी खारे वारे सुटल्यानंतरची वेळ मागून घ्या. पावसाळ्यातल्या ओल्या खेळपट्ट्यांवर चालणाऱ्या कांगा लीगने मुंबईच्या कितीतरी फलंदाजांना वाकड्या उसळणाऱ्या चेंडूची ओळख करून दिली, हे आपल्या शहराला माहीत आहे. गोल्फमध्येही गैरसोयीच्या हवेत मुद्दाम खेळायची सवय लावावी लागते.

आणि खर्चाचा आकडा कृपा करून मुलीच्या कानावर घालू नका. तो टीवर उभ्या असलेल्या मुलाच्या खांद्यावर बसतो आणि स्विंग आखडतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रश्न : नातू गोल्फ खेळतो म्हणून मी दूरदर्शनवर द ओपन पाहतो. तेथील मैदाने पिवळी, उघडीबोडकी, खळग्यांनी भरलेली दिसतात. आपल्या मुंबईतली मैदाने त्याहून किती हिरवी आणि देखणी! एवढ्या श्रीमंत देशात मैदानांची अशी आबाळ का? आणि आपल्या कोणाला तेथे यश मिळाले आहे का?
– एक आजोबा, गिरगाव

उत्तर : आपण कोकण पाहिले असेल, तर ही जमीन आपल्या चटकन ध्यानात येईल. समुद्र, मग पुळण, मग वाळूचे उंचवटे आणि त्यांच्यामागे शेती, असा किनारा डोळ्यांसमोर आणा. शेतीला निरुपयोगी असलेल्या त्या मधल्या पट्ट्याला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात आणि गोल्फ त्याच पट्ट्यावर वाढला. तेथे उंच झाडे नाहीत. करवंदीच्या जाळीसारखी काटेरी, पिवळ्या फुलांची गोर्सची झुडपे आहेत, आणि त्यांत शिरलेला चेंडू सोडून द्यावा हेच बरे. खळगे कोणी हौसेने खणलेले नव्हते. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी जमीन उकरली आणि त्यांतूनच पुढे बंकर झाले, असे सांगतात.

पिवळेपणा हा आबाळीचा नसून जमिनीच्या स्वभावाचा आहे. वाळूतून पाणी झिरपून जाते, त्यावर फेस्क्यू नावाचे बारीक, चिवट गवत वाढते, आणि ते कोरड्या उन्हाळ्यात पिवळे पडले तरी मरत नाही. चेंडू पळावा यासाठी ते हिरवेगार ठेवण्याचा अट्टहासही कोणी करत नाही. आपल्या मैदानांवरचे गवत म्हणजे हरळी आणि तिचे संकरित वाण; जगभर जिला बर्म्युडा म्हणतात, ती गणपतीला वाहिली जाणारी आपली दूर्वाच. तिची पाती एका दिशेला कलतात आणि ग्रीनवर चेंडूला हळूच त्या बाजूला ओढतात. आपल्या नातवाची नजर हा कल वाचायला शिकलेली आहे. फेस्क्यूवर तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे तेथे आपली मुले नसलेले वळण धरून पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारतात आणि चेंडू सरळ निघून जातो. ग्रीन फार गुळगुळीतही ठेवता येत नाहीत, कारण थांबलेला चेंडू वारा हलवतो. २०१५ च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला याच कारणाने शनिवारी कित्येक तास खेळ थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली.

यशाबद्दल सांगायचे, तर जीव मिल्खा सिंग यांनी २०१२ मध्ये इनव्हर्नेसजवळच्या कॅसल स्टुअर्ट या लिंक्स मैदानावर स्कॉटिश ओपन जिंकली, आणि शुभंकर शर्मा यांनी २०२३ च्या द ओपनमध्ये इंग्लंडमधल्या हॉयलेकला संयुक्त आठवे स्थान मिळवले. नातवाला त्या फेऱ्यांचे चित्रीकरण आपल्यासोबत बसून पाहायला सांगा. आपणही पाहा, आणि चेंडू हवेत असताना नव्हे तर जमिनीला लागल्यावर तो काय करतो, इकडे लक्ष ठेवा.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि जूनअखेर इंग्लंडला खेळायला जाणार आहे. तयारीत काय विसरू नये?
– एक वडील, ठाणे

उत्तर : व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, तो शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नका. मुलगा एकाच पालकासोबत किंवा प्रशिक्षकासोबत जाणार असेल, तर संमतिपत्र तयार ठेवा. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून दुपारी दोनची खेळाची वेळ मिळाली तर मुलाच्या शरीराला ती संध्याकाळची साडेसहा वाटते आणि शेवटचे होल खेळताना त्याच्या मुंबईच्या हिशेबाने रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात. पहिले दोन-तीन दिवस त्याला दुपारी झोपू देऊ नका. सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, पण त्या उजेडाला भुलून दोन-दोन फेऱ्या खेळवू नका. पावसात घालायचे हातमोजे दोन्ही हातांचे घ्या. आपल्या मुलांना पाऊस नवा नाही, पण बोटे बधिर करणारा पाऊस नवा आहे. हात शेकण्यासाठी गरम पिशव्या चालतात, मात्र चेंडू लांब जावा म्हणून तो मुद्दाम गरम करणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यासाठी स्पर्धेतून बाद केले जाते, हे त्याला आधीच सांगून ठेवा. खाऊत दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. शेंगदाण्याची चिक्की पुरेशी आहे.

प्रश्न : माझे वडील पंचवीस वर्षे कॅडी (खेळाडूची पिशवी वाहून सल्ला देणारे मदतनीस) आहेत. त्यांच्यामुळे मी खेळायला लागलो. मी सतरा वर्षांचा आहे आणि काही सभासदांच्या मदतीने या वर्षी ब्रिटनमधल्या एका ज्युनियर स्पर्धेला जात आहे. तिथले खोल बंकर मी फक्त मोबाइलवर पाहिले आहेत. त्यातून कसे बाहेर यायचे? दुसरे म्हणजे माझे इंग्रजी कच्चे आहे. नियमांवरून काही झाले तर मी काय बोलणार, याची भीती वाटते.
– एक खेळाडू, चेंबूर

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि मला मनापासून आनंद झाला. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली होती, हे तुला ठाऊक असेलच.

आता बंकर. तिथल्या बंकरच्या भिंती हिरवळीच्या लाद्या एकावर एक रचून उभ्या केलेल्या असतात. ओल्ड कोर्सवर असे शंभरहून अधिक बंकर आहेत आणि चौदाव्या होलवरचा ‘हेल’ सुमारे १० फूट खोल आहे. त्यातून बाहेर येण्याची पहिली युक्ती टीवरच करायची असते : बंकर २४० यार्डांवर असेल, तर २२० च्या पुढे जाणारच नाही असा क्लब (चेंडू मारण्याची काठी) हातात घे. वारा मागून असेल तर आणखी एक क्लब कमी. असे खेळताना आपण भित्रे आहोत असे तुला वाटेल आणि बरोबरची मुले ड्रायव्हर हा सर्वांत लांब मारणारा क्लब काढतील. तरीही तू छोटाच घे.

एवढे करूनही चेंडू आत गेला, तर खाली उतरून आधी ध्वजाकडे पाहू नकोस. भिंत चेंडूपासून किती जवळ आहे ते पाहा. भिंत हातभर अंतरावर असेल, तर पुढे मारण्याचा विचार सोड आणि आडवा किंवा सरळ मागे मार. एक फटका जातो, पण तीन वाचतात. तेही शक्य नसेल, तर चेंडू न खेळण्याजोगा ठरवण्याचा अधिकार तुला आहे. एका दंडाच्या फटक्यात मागच्या जागेवरून पुन्हा खेळता येते किंवा बंकरच्या आतच नियमाप्रमाणे चेंडू टाकता येतो. दोन फटके घेतलेस, तर ध्वज आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे, बंकरच्या बाहेर टाकता येतो. २०१९ पासून चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा असतो, हे विसरू नकोस. क्लबने परवानगी दिली, तर निघण्यापूर्वी महिनाभर रोज वीस चेंडू बंकरच्या कडेला अगदी चिकटून ठेव आणि ते मागच्या बाजूने बाहेर काढ. असा सराव कोणी करत नाही, म्हणूनच तिथे गेल्यावर मुलांचा अहंकार त्यांना पुढे मारायला लावतो.

इंग्रजीची भीती मला समजते, पण तुला लागणारे इंग्रजी थोडे आहे. पहिला चेंडू हरवल्याची शंका आली, तर तात्पुरता म्हणून दुसरा चेंडू मारण्यापूर्वी ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द मोठ्याने आणि स्पष्ट उच्चारायचा. तो न उच्चारता मारलास, तर पहिला चेंडू हरवला असेच धरले जाते. चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात. निर्णयाबद्दल शंका असेल, तर ‘रेफरी, प्लीज’ एवढे म्हणून हात वर करायचा. रेफरी जवळ नसेल, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन चेंडू खेळून तो होल पूर्ण करता येतो. मात्र त्यांपैकी कोणता चेंडू धरायचा हे खेळण्याआधी बरोबरच्याला सांगायचे आणि स्कोअरकार्ड देण्यापूर्वी समितीला सगळी हकीकत कळवायची, मग दोन्ही चेंडूंचे फटके सारखे झाले असले तरीही. ही चार-पाच वाक्ये कागदावर लिहून पिशवीत ठेव. नियम तुझ्या बाजूचा असताना शब्दांवाचून तू गप्प राहिलास, असे होऊ नये.

स्पर्धेत कॅडीला परवानगी असेल आणि पैशांची सोय होत असेल, तर स्थानिक कॅडी घे. बाकी काही कमी केलेस तरी चालेल. परवानगी नसेल, तर निदान सरावाच्या दिवशी तिथल्या कॅडींपाशी जाऊन उभा राहा. टीवरून न दिसणारा उतार कुठे आहे, संध्याकाळी वारा कुठून फिरतो, कोणत्या ग्रीनवर चेंडू अलीकडे टाकायचा, हे त्यांना पायांनी माहीत असते. त्यांना काय विचारायचे हे तुला घरीच शिकता येईल. जाण्याआधी एका सकाळी वडिलांबरोबर मैदानावरून क्लब न घेता चाल, आणि पहिल्यांदा येणाऱ्या खेळाडूला ते प्रत्येक होलवर काय सांगतात आणि का, हे त्यांच्याकडून ऐकून लिहून घे. तीच वही तिकडे घेऊन जा. अर्धी पाने त्या मैदानासाठी कोरी ठेव.